पहिले पॉलिशिंग मशीन : वेगाआधी सावधपणा

पावसाळा ओसरतो, भातकापणीची लगबग सुरू होते आणि दसऱ्याच्या सुमारास गोव्यातील सर्व्हिस स्टेशनांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. चार महिन्यांचा चिखल, झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर ठिबकलेला चीक, पक्ष्यांची विष्ठा, किनाऱ्यावरचा खारा वारा आणि खाणपट्ट्यातील लाल धूळ यांनी रंगाची रया गेलेली असते. दसऱ्याला वाहनाची पूजा व्हायची असते, दिवाळीला पाहुणे यायचे असतात आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक लिहिलेल्या भाड्याच्या गाड्यांना पर्यटन हंगामासाठी सज्ज व्हायचे असते. या मागणीतूनच ‘कार डिटेलिंग’ हा गॅरेजपासून वेगळा असा व्यवसाय उभा राहत आहे. एखादी शेड, पाण्याची सोय आणि थोडेसे भांडवल एवढ्यावर तो सुरू करता येतो, म्हणून तरुणांचा त्याकडे ओढा आहे.

गाडी धुण्यापुरते काम असेल तोवर फारसे अडत नाही. रंगावरचे बारीक ओरखडे घालवून चकाकी परत आणायची वेळ आली, की पॉलिशिंग मशीन घ्यावे लागते आणि नवोदित डिटेलर पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने गोंधळतो. गॅरेजच्या भाषेत ज्याला सरसकट ‘बफिंग मशीन’ म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात अगदी वेगळ्या स्वभावाची तीन-चार यंत्रे येतात. दुकानात सहसा वॅट किती, फेरे किती आणि किंमत किती एवढ्याच गोष्टींवर बोलणे होते. नवख्याने मात्र आधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा : हात चुकला तर हे यंत्र ती चूक कितपत सोसून घेईल? हा प्रश्न महत्त्वाचा का ठरतो, हे कळण्यासाठी गाडीच्या रंगाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते.

रंगाची जाडी आणि ओरखड्याचे गणित

कारखान्यातून निघालेल्या आधुनिक गाडीच्या पत्र्यावर रंगाचे एकावर एक थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज यावा. यांतील क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. गाडीची चकाकी याच थराची असते. उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारे घटकही याच थरात मिसळलेले असतात. तो झिजला तर खालचा रंग उघडा पडतो, फिकटतो आणि काही काळाने टपावर वा बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात.

पॉलिश केल्याने ओरखडा ‘भरला जातो’, असा एक समज आहे. काही मेणे आणि ग्लेझ ओरखडे तात्पुरते झाकतात हे खरे, परंतु दोन-चार धुण्यांत ते पुन्हा दिसू लागतात. ओरखडा कायमचा घालवायचा, तर त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणावा लागतो. म्हणजेच पॉलिशिंग ही भर घालण्याची नव्हे, तर वजाबाकीची क्रिया आहे. कंपाउंडमधील बारीक अपघर्षक कण आणि त्यांना फिरवणारे पॅड दर वेळी थोडा थोडा थर काढून नेतात, आणि काढलेला थर परत आणण्याचा उपाय एकच : तो भाग नव्याने रंगवणे.

भाड्याच्या गाडीचे उदाहरण घेऊ. समजा क्लिअर कोट ४० मायक्रॉन आहे आणि दर हंगामाआधी जोरदार कंपाउंड मारून ४ मायक्रॉन काढले जातात. पाच वर्षांत निम्मा थर संपला. गाडी मात्र दर वर्षी त्या दिवसापुरती नवी कोरी दिसली. ग्राहकाला दिसते ती चकाकी. तिच्यासाठी रंगाच्या शिल्लक ठेवीतून किती खर्च झाला, याचा हिशेब डिटेलरलाच ठेवावा लागतो. पहिले यंत्र निवडताना हीच गोष्ट डोळ्यांपुढे हवी.

रोटरी : वेगवान, पण क्षमा न करणारे

सर्वांत जुना आणि डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे रोटरी. यात पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरते. मोटरची सगळी ताकद पॅडपर्यंत पोहोचते, त्यामुळे हे यंत्र खोल ओरखडे आणि पॉलिश पेपरच्या घासकामाच्या खुणा झपाट्याने काढते. अनुभवी रंगारी याच यंत्राने आरशासारखे काम करतात, तेव्हा रोटरीला वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण फिरत्या पॅडचा मध्य जवळजवळ स्थिर आणि कडा मात्र अतिशय वेगवान असते. १८० मिलिमीटरचे पॅड मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर होतो. यंत्र किंचित कलले की सगळा भार त्या वेगवान कडेवर येतो, घर्षणाने एकाच जागी उष्णता साचते आणि काही क्षणांत क्लिअर कोट जळतो किंवा आरपार निघून जातो.

रंग जळला नाही, तरी रोटरीचा दुसरा दोष उरतोच. अकुशल हाताने चालवलेले रोटरी रंगावर एकाच दिशेच्या अतिसूक्ष्म रेषा सोडते. शेडमधील ट्यूबलाइटखाली गाडी छान दिसते. मालक ती उन्हात नेतो तेव्हा बॉनेटवर सरकत्या किरणांचे पट्टे उमटतात. या व्यवसायात त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. गडद रंगाच्या गाडीवर ते लपत नाहीत, आणि ग्राहक दुसऱ्या दिवशी परत येतो तो बहुधा याच कारणाने.

याच ठिकाणी आणखी एका पद्धतीबद्दल स्पष्टपणे सांगायला हवे. पैसे वाचवण्यासाठी लोखंड कापण्याच्या छोट्या अँगल ग्राइंडरलाच स्पंजचे पॅड बसवून पॉलिश करण्याचा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. हा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावर १०० मिलिमीटरचे पॅड लावले, तर कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. पॉलिशिंगला लागणाऱ्या वेगाच्या तो कित्येक पटींनी अधिक आहे. रंग तर जातोच, शिवाय एवढ्या वेगासाठी न बनवलेले पॅड फाटून उडण्याचाही धोका असतो. काही ग्राइंडरना वेग कमी-जास्त करण्याची सोय असते, पण तीही यंत्राची रचना बदलत नाही. पॉलिशसाठी ग्राइंडर वापरू नये, हा नियम अपवाद न करता पाळावा.

ड्युअल अॅक्शन : नवख्याचे यंत्र

दुसरा प्रकार ड्युअल अॅक्शन, म्हणजे व्यवहारात ‘डीए’. यात मोटरचा दांडा पॅडच्या मध्यावर जोडलेला नसून थोडा बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे पॅड एका लहान वर्तुळात घुमते आणि त्याच वेळी बेअरिंगवर मोकळेपणे स्वतःभोवतीही फिरते. जाते फिरवताना हाताची मूठ जशी वर्तुळात जाते, तशी पॅडची प्रत्येक जागा छोट्या वर्तुळात फिरत असते, असे म्हणता येईल. या घुमण्याचा वेग पॅडच्या मध्यावर आणि कडेवर सारखाच असतो. कडेचा अतिवेग हा रोटरीतील मुख्य धोका इथे पुष्कळ अंशी टळतो. दोन गती एकमेकींत मिसळल्याने एकाच दिशेच्या रेषाही उमटत नाहीत.

या रचनेचा खरा फायदा चुकीच्या क्षणी कळतो. नवख्याने यंत्र जास्त दाबले किंवा वाकड्या कोनात धरले, की पॅडचे स्वतःभोवती फिरणे मंदावते आणि थांबते. मग ते केवळ जागच्या जागी थरथरते. काम होत नाही, पण नुकसानही फारसे होत नाही. हात चुकल्याची सूचना यंत्र स्वतः देते. ही सूचना नजरेला सहज दिसावी म्हणून बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवण्याची युक्ती जगभरचे डिटेलर वापरतात. रेघ फिरताना दिसली तर पॅड काम करीत आहे. ती एकाच जागी थरथरू लागली तर दाब किंवा कोन सुधारावा.

डीएने रंग जाळता येतच नाही, असे मात्र समजू नये. बॉनेटच्या घडीवर, दाराच्या कडेवर किंवा प्लास्टिकच्या बंपरवर ते एकाच जागी बराच वेळ धरले, तर तिथेही थर निघतो. फरक इतकाच, की रोटरीत जी चूक काही क्षणांत भोवते, ती उमगून हात मागे घेण्याइतका अवधी डीए देते. शिकणाऱ्याला नेमका हाच अवधी हवा असतो.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. यात घुमणे आणि फिरणे या दोन्ही गती गिअरने जोडलेल्या असतात, म्हणून दाब वाढला तरी पॅड थांबत नाही. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे ८ मिलिमीटरचे यंत्र या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. फ्लेक्स हे नाव जर्मनीत इतके रुळले आहे, की तिथे अँगल ग्राइंडरलाच लोक ‘फ्लेक्स’ म्हणतात. गोलाईदार पत्र्यावर हे यंत्र उत्तम चालते. पण ते हातात ओढ घेते, कंपने अधिक जाणवतात आणि थांबून सावध करण्याचा गुण त्यात नसतो. म्हणून ते पहिले यंत्र म्हणून घेण्यापेक्षा हात बसल्यावर घेणे श्रेयस्कर.

८, १५ की २१?

डीए घ्यायचे ठरले, की पुढचा आकडा समोर येतो तो ऑर्बिटचा, म्हणजे पॅड ज्या लहान वर्तुळात घुमते त्याच्या व्यासाचा. त्याला ‘थ्रो’ असेही म्हणतात. बाजारात ८, १२, १५ आणि २१ मिलिमीटरची यंत्रे प्रामुख्याने मिळतात. मोठ्या ऑर्बिटची यंत्रे लोकप्रिय करण्यात इटलीच्या रूपेस कंपनीचा मोठा वाटा आहे. आज अनेक भारतीय आणि चिनी बनावटीची यंत्रेही त्याच मापांत उपलब्ध आहेत.

या आकड्याचा परिणाम साध्या गणिताने कळतो. मिनिटाला ४,५०० घुमण्या धरल्या, तर ८ मिलिमीटरच्या यंत्रात पॅडची प्रत्येक जागा सेकंदाला सुमारे १.९ मीटर, १५ मिलिमीटरच्या यंत्रात सुमारे ३.५ मीटर आणि २१ मिलिमीटरच्या यंत्रात जवळपास ५ मीटर अंतर कापते. ऑर्बिट मोठे तितके काम झपाट्याने होते. मग सर्वांत मोठेच का घेऊ नये? कारण मोठे ऑर्बिट सपाट टपावर आणि बॉनेटवर जितके सुखाचे, तितकेच दाराच्या गोलाईवर, चाकांवरच्या कमानीवर आणि खिडक्यांमधल्या अरुंद पट्ट्यांवर ते अडखळते. आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य गाड्या लहान हॅचबॅक किंवा छोट्या एसयूव्ही आहेत आणि त्यांच्या दारांवर घड्या व वळणे भरपूर असतात. ८ मिलिमीटरचे यंत्र वळणांवर शांतपणे चालते आणि शेवटची चकाकी सुरेख आणते. परंतु मध्यम ओरखडे काढायला त्याला फार वेळ लागतो.

म्हणूनच एकच यंत्र घ्यायचे असेल, तर १५ मिलिमीटर ऑर्बिट आणि १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची, बॅकिंग प्लेट असलेले डीए ही नवख्यासाठी सर्वांत समतोल निवड ठरते. या प्लेटवर १३५ ते १५० मिलिमीटरची पॅड बसतात आणि ती सहज मिळतात. मोठी प्लेट लावून कमी वेळेत काम उरकण्याचा मोह टाळावा. प्रत्येक यंत्राच्या आत ठरावीक आकाराच्या प्लेट-पॅडसाठी तोलाचे वजन बसवलेले असते. भलतीच प्लेट लावली, तर तोल बिघडतो, हादरे वाढतात आणि बेअरिंग लवकर निकामी होते.

दुकानात काय तपासावे

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट हे यंत्र किती वीज घेते ते सांगतात, ते किती चांगले काम करते ते नव्हे. १५ मिलिमीटरच्या डीएला ५०० ते ९०० वॅटची मोटर साधारणपणे पुरेशी असते. त्याहून महत्त्वाचे आहे ते दाब पडल्यावरही वेग टिकवून धरणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. यंत्र चालू करताच झटका न देता हळूहळू वेग घेणे, ही सोयही पाहावी. अन्यथा पॅडवरचे कंपाउंड सुरू करताक्षणी काचांवर आणि छताला उडते.

दुसरी गोष्ट वजन आणि कंपने. एका गाडीचे काम नवख्याला सहज पूर्ण दिवस पुरते. तेवढा वेळ दोन-अडीच किलोचे यंत्र उभ्या दारावर धरून ठेवायचे असते. कंपनांचे आकडे माहितीपत्रकात मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात दिलेले असतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने २.५ या पातळीच्या पुढे मालकाने उपाययोजना करणे आवश्यक असते आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे एकट्याने काम करणाऱ्या तरुणावर असे लक्ष ठेवणारा कोणी नसतो. म्हणून घेण्याआधी यंत्र हातात धरून काही मिनिटे चालवून पाहावे, आणि काम करताना अधूनमधून विश्रांती घ्यावी. संध्याकाळी बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर ते थकव्याचे साधे लक्षण मानू नये.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. कार्बन ब्रश, बेअरिंग आणि बॅकिंग प्लेट हे झिजणारे भाग आहेत. प्लेटवरचा वेल्क्रो उष्णतेने सैल पडतो आणि पॅड ऐन कामात उडून जाते. हे भाग पणजी, मडगाव वा म्हापशात मिळतात का, की बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबईहून मागवावे लागतील, याची खात्री खरेदीआधीच करून घ्यावी. हंगामात आठवडाभर यंत्र बंद पडणे म्हणजे तेवढ्या दिवसांची मिळकत बुडणे. प्लेटचा आटा कोणत्या मापाचा आहे हेही विचारून ठेवावे. रोटरीत बहुधा एम १४ आटा असतो. डीएमध्ये ५/१६ इंची किंवा एम ८ असतो. एकाची प्लेट दुसऱ्याला चालत नाही. पक्के बिल आणि वॉरंटी असलेले मध्यम किमतीचे यंत्र हे बिलाविना मिळालेल्या महागड्या यंत्रापेक्षा केव्हाही बरे.

वायरचे यंत्र घ्यावे की बॅटरीचे, हा प्रश्नही हल्ली विचारला जातो. घरोघरी जाऊन काम करणाऱ्याला बॅटरी सोयीची. पण दिवसभराच्या कामाला दोन-तीन बॅटऱ्या लागतात आणि खर्च वाढतो. एका जागी काम करणाऱ्याने वायरचेच घ्यावे. मात्र जिथे गाडी धुतली जाते तिथेच वीजही वापरली जाते, हे विसरू नये. ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घेणे आणि पुरेशा जाडीची, सांधे नसलेली एक्स्टेन्शन वायर वापरणे ही चैन नाही. पावसाळी हवेत ओल्या लादीवर उभे राहून काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

यंत्रापलीकडचा खर्च

नवोदितांची नेहमीची चूक म्हणजे सगळे भांडवल यंत्रात घालणे. पंतप्रधान मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. एवढ्या रकमेत काम सुरू करणाऱ्याने निम्म्याहून अधिक पैसा यंत्रावर खर्च करू नये. उरलेल्या रकमेतून तीन गोष्टी आधी याव्यात.

पहिली, पॅड. खरे काम पॅड आणि कंपाउंडच करतात. यंत्र त्यांना फक्त फिरवते. जोरदार घासकामासाठी मायक्रोफायबर किंवा कडक फोम, मधल्या टप्प्यासाठी मध्यम फोम आणि शेवटच्या चकाकीसाठी मऊ फोम असे प्रकार लागतात. पॅडच्या रंगांना सर्वमान्य अर्थ नाही. एका कंपनीचे नारिंगी पॅड कडक, तर दुसरीचे मऊ असू शकते; म्हणून रंग पाहून नव्हे, वर्णन वाचून घ्यावे. एका गाडीला प्रत्येक प्रकारची तीन-चार पॅड हाताशी हवीत, कारण घाम, ओल आणि निघालेला रंग शोषून जड झालेले पॅड तापते आणि नीट काम करीत नाही. प्रत्येक भाग झाल्यावर ते ब्रशने साफ करण्याची सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

दुसरी, प्रकाश. एका बिंदूतून येणारा प्रखर एलईडी दिवा नसेल, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे शेडमध्ये दिसतच नाहीत. जे दिसत नाही ते दुरुस्तही करता येत नाही, आणि काम कुठे थांबवावे हेही समजत नाही.

तिसरी, रंगाची जाडी मोजणारे मापक. ते लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवले, की सर्व थरांची एकत्रित जाडी मायक्रॉनमध्ये दाखवते. क्लिअर कोट वेगळा किती शिल्लक आहे, हे साधे मापक सांगत नाही आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. तरीही त्याचा उपयोग मोठा आहे. सगळी गाडी १२० दाखवत असताना एक दार ८५ दाखवत असेल, तर त्यावर पूर्वी कोणीतरी बराच हात चालवलेला असू शकतो. २५० किंवा ३०० दिसले, तर ते दार पुन्हा रंगवलेले आणि कदाचित पुट्टी भरलेले असते. नव्याने मारलेला रंग कारखान्याच्या रंगाहून मऊ वा कठीण असू शकतो, त्यामुळे तिथे वेगळ्या हाताने काम करावे लागते. हे आकडे काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकासमोर कागदावर लिहून ठेवले, तर पुढचे वादही टळतात.

भंगारातले बॉनेट, मग ग्राहकाची गाडी

यंत्र घरी आले, की पहिला हात ग्राहकाच्या गाडीवर चालवू नये. भंगारवाल्याकडून गडद रंगाचे एखादे जुने बॉनेट थोड्या पैशांत मिळते. त्यावर मुद्दाम चुका करून पाहाव्यात : यंत्र वाकडे धरावे, जास्त दाबावे, घडीवर थांबवावे, रंग निघेपर्यंत एकाच जागी धरावे. किती वेळात काय होते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की पुस्तकी सूचनांची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम साधा आहे. गाडी नीट धुऊन, क्ले बारने रुतलेले कण काढून घ्यावेत. अन्यथा तेच कण पॅडखाली सापडून नवे ओरखडे पाडतात. घड्या, कडा आणि रबरी पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावा. ओला रंग वाळताना धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो. गाडी सावलीत असावी आणि पत्रा थंड असावा. त्यानंतर साधारण दोन फूट चौरसाच्या एकाच तुकड्यावर सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून चाचणी घ्यावी. तेवढ्याने भागले नाही तरच एकेक पायरी वर चढावे. कंपाउंडचे तीन-चार थेंब कमी वेगावर पसरवावेत, मग वेग वाढवून यंत्र सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे आधी आडवे, मग उभे न्यावे. यंत्राच्या वजनाहून थोडासाच अधिक दाब पुरतो. शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून घ्यावी, म्हणजे पॉलिशमधील तेलाने झाकलेले ओरखडे उघडे पडतात आणि खरा निकाल कळतो.

प्लास्टिकच्या भागांवर विशेष जपावे लागते. पत्रा उष्णता पसरवतो. प्लास्टिक ती वरच्या वर धरून ठेवते. बंपरवर हात ठेवून पाहावा, कोमट वाटले की थांबावे. आणि नख अडकेल इतका खोल ओरखडा दिसला, तर तो पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या धारा मऊ करून तो नजरेत कमी येईल इतपत काम करावे आणि ग्राहकाला तसे आधीच सांगावे.

दुसरे यंत्र केव्हा?

पंधरा-वीस गाड्या हाताखालून गेल्या, की पहिल्या यंत्राच्या मर्यादा आपोआप कळू लागतात. आरशांची टोपणे, दारांच्या मुठींभोवतीचा खोलगट भाग, बंपरचे कोपरे इथे पाच इंची प्लेट पोहोचत नाही. त्या वेळी ७५ मिलिमीटर प्लेटचे लहान यंत्र घ्यावे. मोठ्या, सपाट गाड्यांचे काम वाढले, तर २१ मिलिमीटरचा विचार करता येईल. रोटरी मात्र रंगकामाशी जोडून काम करणाऱ्याने, कोणा अनुभवी रंगाऱ्याच्या देखरेखीखाली शिकून घ्यावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी रोटरी आणि मग शहाणपण असा ठेवला, तर त्या शहाणपणाची किंमत कुणाच्या तरी बॉनेटला मोजावी लागते. एक भाग पुन्हा रंगवून देण्याचा खर्च नव्या व्यवसायाला जड जातो; शिवाय गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे एका गावातील ग्राहक दुसऱ्या गावातील ग्राहकाला ओळखतो, तिथे बोभाटाही लवकर होतो.

नियमित ग्राहकाला दर हंगामात कंपाउंड मारून देण्याऐवजी धुण्याची पद्धत सुधारायला सांगणे, हेही डिटेलरचेच काम आहे. लाल धूळ कोरड्या फडक्याने झटकण्याची सवय सुटली, भरपूर पाण्याने धूळ आधी वाहून जाऊ दिली आणि स्वच्छ मायक्रोफायबरने गाडी टिपली, तर निम्मे ओरखडे पडतच नाहीत. त्या वर्षी पॉलिशचे एक काम कमी मिळेल. पण गाडीचा मूळ रंग आणखी काही पावसाळे टिकेल आणि ती गाडी पुढच्या दसऱ्यालाही त्याच शेडमध्ये येईल.